कामाची हमी

पीक बुडाले, मजुरी आटली की हाताला काम देणे ही सरकारची मेहेरबानी नसून मागणाऱ्याचा हक्क आहे, असे मानणारी संकल्पना. महाराष्ट्रात ती ‘रोहयो’ म्हणजे रोजगार हमी योजना या नावाने रुळली. याच तत्त्वावरच्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमीचे, म्हणजे मनरेगाचे, राज्य आयुक्तालय नागपुरात आहे.

इंग्रजी अमलात याच्या नेमके उलटे होते. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळी मदतीच्या नियमावल्या, आल्या. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताला 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन दुष्काळांनी झोडपले. संहितेच्या मुळाशी संशय होता. खरा गरजू ओळखण्यासाठी काम घरापासून लांब काढायचे, माणसाला छावणीत ठेवायचे, रोजचे काम नेमून द्यायचे आणि मजुरी पोटापुरतीच ठेवायची. हे सोसून जो टिकेल तो खरा भुकेला! अन्न मिळे, पण घरदार सोडून.

भूक आणि स्वातंत्र्य यांचे हे नाते सर्वांत स्पष्टपणे मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे 1947 मध्ये केलेल्या निवेदनात. या फेडरेशनची स्थापना 1942 मध्ये नागपुरातच झाली होती. बेकाराला कसलीही नोकरी देऊ केली आणि बदल्यात बोलण्याचा, संघटना करण्याचा हक्क सोडायला सांगितले, तर तो काय निवडेल हे उघड आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारने हात आखडता घेतला की माणूस मोकळा होत नाही, तो मालकाच्या हाती जातो. राज्यघटनेत मात्र कामाचा हक्क अनुच्छेद 41 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत गेला. तोही ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’.

महाराष्ट्राने ही मर्यादा बरीच पुढे रेटली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. अर्ज केल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता. मात्र मागण्याचा हक्क मजुराचा असला तरी कामाची निवड त्याची नव्हती. सांगितले ते मातीकाम, खडीकाम करायचे. केंद्राने 2005 मध्ये मनरेगाच्या कायद्यात हेच तत्त्व उचलले आणि ग्रामीण कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांची हमी दिली.

दुष्काळी कामावर मजुरी कमी दिली तर चालते का? 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबायला लावणारी आर्थिक नड हीसुद्धा सक्तीच आहे आणि ती सक्तीच्या मजुरीला बंदी करणाऱ्या अनुच्छेद 23 च्या विरुद्ध जाते. पुढच्याच वर्षी राजस्थानच्या संजित रॉय खटल्यात किमान वेतनाचा नियम दुष्काळी कामांनाही लागू झाला. उपकार करतो म्हणून सरकारला सूट नाही. या विषयातला हा सर्वांत वजनदार निकाल म्हणावा लागेल.

विदर्भात या योजनेतून पांदण रस्ते, मजगी (भातखाचरांची कामे), सिंचन विहिरी अशी कामे निघतात. हक्काचे खरे मोल ठरते ते तारीख घातलेल्या पोचपावतीवर. पोच नसेल तर 15 दिवस मोजायचे कुठून? अनेकदा काम निघाल्यावरच मजुरांचे अर्ज भरून घेतले जातात आणि भत्त्याचा प्रश्नच मिटतो.

नागपूर शहराला मात्र ही हमी लागू नाही. शहरी भागांत 1977 चा कायदा फक्त ‘क’ वर्ग, म्हणजे लहान, नगरपालिकांपर्यंत पोचला. नागपूरचा नोकरदार पगारातून वर्षाला कमाल 2,500 रुपये व्यवसाय कर भरतो. हा कर 1975 मध्ये मुळात रोहयोसाठीच बसवला गेला. पण शहरातल्याच ठिय्यावर सकाळी डबा घेऊन उभ्या राहिलेल्या मजुराला दहा वाजेपर्यंत कोणी नेले नाही, तर तो तसाच घरी परततो. त्या दिवसाचा भत्ता मागण्यासाठी भरायचा अर्जच नाही.