पाठीच्या कण्यावरील हस्तोपचार : कुत्री, मांजरे व घोडे पाळणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

कालपर्यंत उडी मारून गाडीत बसणारा कुत्रा आज दारापाशी थांबून तुमच्या तोंडाकडे पाहतो, किंवा पाठीवर खोगीर ठेवताच वरातीची घोडी कान मागे पाडते, तेव्हा घरचे लोक त्याला हट्ट म्हणतात. आमच्या अनुभवात तो बहुधा हट्ट नसतो, दुखणे असते.

कायरोप्रॅक्टिक ही आखडलेल्या सांध्यावर हाताने नेमका, झटपट आणि अगदी थोड्या अंतराचा दाब देऊन त्याची हालचाल मोकळी करण्याची पद्धत आहे. अमेरिकेत १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी ती माणसांसाठी सुरू केली आणि पुढे ती प्राण्यांसाठीही वापरली जाऊ लागली. ‘सरकलेला मणका जागेवर बसवणे’ असे तिचे वर्णन केले जाते, ते आम्ही करत नाही. मणका खरोखर सरकला असेल, तर त्याला हात लावणेच धोक्याचे असते. घोड्याच्या मानेत ७, पाठीत १८ आणि कमरेत साधारण ६ मणके असतात. एवढ्या मोठ्या जनावराला हाताच्या दाबाने काय होणार, असे घोडेवाले विचारतात. आम्ही स्टुलावर उभे राहून एका वेळी एकाच सांध्यावर काम करतो आणि तेथे ताकदीपेक्षा दिशा व वेग महत्त्वाचा असतो.

या उपचाराने घोड्यांच्या पाठीचा ताठरपणा व दुखरेपणा काही काळ कमी होतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे. कुत्र्या-मांजरांबाबतचा पुरावा त्याहून तोकडा आहे. त्यामुळे औषध किंवा शस्त्रक्रियेऐवजी हा उपचार आम्ही कधीही सुचवत नाही. आमच्याकडे तो नोंदणीकृत पशुवैद्यकच करतात आणि आधी पूर्ण तपासणी होते, कारण गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्रा असाच अंग आखडून चालतो आणि त्याचे निदान रक्ततपासणीनेच होते. हाड मोडलेले असल्यास, हाडात गाठ किंवा जंतुसंसर्ग असल्यास आम्ही नकार देतो. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी अडली, तर आमच्या वेळेची वाट न पाहता त्याच तासाला पशुरुग्णालय गाठावे.

खोगीर चुकीचे असेल, तर आमची मेहनत आठवडाभरही टिकत नाही. काम संपल्यावर खोगीर उतरवून पाठीवरचा घाम पाहावा. सगळी पाठ ओली आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल, तर बहुधा तेथे खोगीर दाबते आहे. त्याच जागी पांढरे केस उगवले असतील, तर ते बरेच दिवस दाबत आले आहे. नालबंदी लांबली की चाल बिघडते आणि तिचा ताण पाठीवर येतो. दत्तजयंतीच्या सारंगखेडा यात्रेतून आणलेला घोडा ट्रकमध्ये तासन्‌तास तोल सांभाळत उभा राहून नाशिकला पोहोचलेला असतो. त्याला काही दिवस विश्रांती द्यावी, मगच आम्हाला बोलवावे. कुत्र्यांच्या बाबतीत फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी हाच मोठा त्रास आहे. तिच्यावर मागचे पाय फाकतात, म्हणून त्याच्या नेहमीच्या वाटेवर सतरंजी अंथरावी आणि नखे वेळेवर कापावीत.

पहिल्या भेटीला पाऊण तास लागतो. कुत्र्याला त्याआधी भरपेट जेवण देऊ नये, जुने एक्स-रे व औषधांच्या चिठ्ठ्या आणाव्यात आणि शक्य असल्यास तो घरात चालतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवावा, कारण आमच्या टेबलाजवळ तो घाबरून वेगळाच चालतो. घोड्यांसाठी आम्ही तबेल्यात येतो. उपचारानंतर एक दिवस घोड्यावर स्वार बसवू नये, त्याला हाताने धरून सावकाश फिरवावे. दोन-तीन भेटींत फरक दिसला नाही, तर आम्ही उपचार थांबवतो आणि पुढील तपासण्यांसाठी चिठ्ठी देतो.