झाड पडून गाडीचं नुकसान आणि पालिकेकडून भरपाई

रस्त्याकडेचं झाड किंवा मोठी फांदी पडून उभ्या गाडीचा, दुकानाच्या शेडचा, कंपाउंड वॉलचा चुराडा झाला तर तो खर्च महापालिकेकडून किंवा नगरपालिकेकडून मागणं, याला आपल्याकडे सगळे नुसतं ‘भरपाई’ म्हणतात. वकील त्याला टॉर्टचा दावा म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीचे पैसे मागायचा दिवाणी दावा, आणि मराठी कायद्याच्या पुस्तकात त्याला अपकृत्य असा जड शब्द आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत हे प्रकरण मे महिन्याच्या वळवापासून सुरू होतं आणि पावसाळा संपेपर्यंत चालतं.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाकूया. झाड पालिकेचं, गाडी माझी, म्हणजे पैसे पालिकेने द्यायचे, असं सरळ गणित नाहीये. पालिकेची हलगर्जी झाली हे दाखवावं लागतं, म्हणजे झाड धोकादायक आहे हे त्यांना माहीत होतं किंवा माहीत असायला पाहिजे होतं आणि तरी त्यांनी काही केलं नाही. पालिकेचं ठरलेलं उत्तर असतं की वादळ होतं, नैसर्गिक आपत्ती होती, आम्ही काय करणार. खरी लढाई या दोन वाक्यांच्या मधेच होते.

सुप्रीम कोर्टाचे यावरचे दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत, दोन्हीत माणूस गेला होता पण तत्त्व गाडीलाही तेच लागतं. राजकोटमध्ये १९७५ साली रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस गेला, खालच्या कोर्टांनी भरपाई दिली, पण १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पालिकेची बाजू घेतली, कारण झाडात दोष आहे हे पालिकेला माहीत होतं असं काही पुढे आलं नव्हतं आणि शहरातल्या प्रत्येक झाडाची जबाबदारी डोळे झाकून पालिकेवर टाकता येत नाही. मग १९९९ ची दिल्लीची केस. स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात फांदी पडली, इथे मात्र झाड वाळलेलं होतं, वाळलेलं झाड कुणालाही दिसतं, त्यामुळे महापालिका जबाबदार धरली गेली. म्हणजे सगळा खेळ झाड पडायच्या आधी कसं दिसत होतं यावर. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, दिल्लीच्या चांदनी चौकातलं घंटाघर कोसळल्याच्या केसमध्ये कोर्टाने म्हटलं होतं की साधारण ८० वर्षं जुनी इमारत, जिचं आयुष्यच ४०–४५ वर्षांचं, ती पडली तर हलगर्जी वेगळी सिद्ध करायला नको, पडणं हाच पुरावा. झाडाच्या बाबतीत एवढी सोय मिळत नाही.

पहिला तास

पुरावा कुठे असतो तर त्या पडलेल्या खोडातच, आणि तो तासा-दोन तासांत ट्रकमध्ये भरून निघून जातो. फायर ब्रिगेडवाले येतात, करवत चालू होते, रस्ता मोकळा करायची घाई असते आणि ती बरोबरच आहे, पण आपण तोपर्यंत गाडीच्या चेपलेल्या टपाचेच फोटो काढत बसलेलो असतो. फोटो काढायचे ते बुंध्याचे. कापलेल्या ओंडक्याच्या मधे काळपट पोकळी आहे का, हाताने दाबलं तर भुसा पडतोय का, वाळवीची माती आहे का, मुळं जमिनीतून उपटून आलीत की जमिनीलगत सपाट कापल्यासारखी दिसतायत (केबल नाहीतर पाइपलाइनसाठी खणताना मुळं तोडलेली असतात आणि ते साफ कळतं), बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घातलंय का. खोडावर वृक्षगणनेचा नंबर रंगवलेला असेल तर तोही फोटोत आला पाहिजे. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष ही झाडं शहरांत जास्त पडताना दिसतात, त्यामुळे ‘अचानक पडलं’ हे पालिकेच्या तोंडी फारसं शोभत नाही, पण हे आपलं माझं मत.

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन स्टेशन डायरीत नोंद करून घ्यायची आणि पंचनाम्याचा आग्रह धरायचा. फायर ब्रिगेडला १०१ वर किंवा मुंबईत आपत्ती कक्षाला १९१६ वर केलेल्या कॉलची वेळ लिहून ठेवायची, नंतर अर्ज करून त्यांच्याकडून घटनेचा दाखला मागता येतो. शेजारपाजारच्या कुणी त्या झाडाबद्दल आधी तक्रार केली होती का ते विचारायचं, कारण जुन्या तक्रारीचा एक नंबर हा दहा फोटोंपेक्षा भारी, पालिकेला धोका माहीत होता हे त्यातच आलं.

झाड कुणाचं

इथे निम्मे दावे मरतात. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्याखाली प्रत्येक पालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, दर पाच वर्षांनी झाडं मोजणं हेही त्याच्या कामात येतं. पण झाड तोडायची परवानगी प्राधिकरण देतं म्हणजे शहरातली सगळी झाडं पालिकेची होत नाहीत. सोसायटीच्या आवारातलं झाड सोसायटीचं, पावसाळ्याआधी उद्यान खातं सोसायट्यांना फांद्या छाटायच्या नोटिसा देतं आणि ती नोटीस कमिटीच्या फाइलमध्ये पडून राहिली असेल तर मग दावा सोसायटीवर. पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं), एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हाडा, रेल्वे, कॅन्टोन्मेंट, प्रत्येकाची हद्द वेगळी आणि ती बदलतेही, मुंबईचे दोन्ही एक्सप्रेस हायवे २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले, म्हणजे तोच रस्ता, पण आदल्या वर्षी नोटीस एका ऑफिसात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या. घाटकोपरला १३ मे २०२४ ला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ जण गेले तेव्हाही पहिला वाद हाच झाला, जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, मग परवानगी कुणाची चालते.

हे शोधायला माहितीचा अधिकार बरा पडतो. दहा रुपयांची फी, ३० दिवसांत उत्तर, आणि विचारायचं काय तर रस्ता कुणाच्या ताब्यात, त्या झाडाची शेवटची छाटणी कधी झाली, छाटणीचा ठेका कुणाला आहे, या रस्त्यावर गेल्या दोन वर्षांत खणायची परवानगी कुणाला दिली. उत्तर बऱ्याचदा ‘माहिती उपलब्ध नाही’ असं येतं. ते फाडून टाकू नका, छाटणीची नोंदच नाही हे त्यांनीच सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं असतं.

नोटीस आणि सहा महिने

आता जी गोष्ट कुणी सांगत नाही ती. मुंबईसाठी १८८८ चा कायदा आहे (कलम ५२७), बाकी महापालिकांसाठी १९४९ चा (कलम ४८७), नगरपालिका-नगरपंचायतींसाठी १९६५ चा (कलम ३०४), आणि तिन्हींत साधारण एकच अट आहे, की दावा लावायच्या आधी लेखी नोटीस द्यायची, एक महिना थांबायचं, आणि दावा मात्र घटनेपासून सहा महिन्यांच्या आत लावायचा. सहा महिने! लोक पाच महिने वॉर्ड ऑफिसमध्ये ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकत काढतात आणि मग वकिलाकडे जातात. साध्या तक्रार अर्जाला नोटीस म्हणत नाहीत, नोटिशीत काय झालं, कधी, कुठे, हलगर्जी काय, मागणी किती, आपलं नाव-पत्ता, वकील असेल तर त्याचा, हे सगळं लागतं, ती पालिकेच्या मुख्य कार्यालयात द्यायची आणि आवक शिक्का असलेली कॉपी जपून ठेवायची. रस्ता पीडब्ल्यूडीचा निघाला तर प्रतिवादी राज्य सरकार होतं आणि तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, त्यामुळे मालक कोण हे पहिल्या महिन्यातच कळलेलं बरं. ग्राहक मंचात जाऊ का असं बरेच जण विचारतात. घरपट्टी हा कर आहे, सेवेची किंमत नाही, म्हणून तिथे सहसा डाळ शिजत नाही.

मागणीत गॅरेजचं एस्टिमेट, जीएसटीसकट पक्कं बिल, टोइंग, गाडी बंद असताना केलेला रिक्षा-टॅक्सीचा खर्च (पावत्या असतील तर) एवढं धरतात. मनस्तापाचे पैसे लिहायला हरकत नाही, मिळतील अशा भ्रमात राहू नका. तलाठी-तहसीलदारांच्या पंचनाम्यावर जी आपत्तीची सरकारी मदत मिळते ती घर, जनावरं, पीक यांची असते, त्यात गाडी बसत नाही.

खड्ड्यांचं वेगळं आहे. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख द्यायला सांगितलं, रक्कम ठरवायला आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. पण ते माणसांसाठी. वाकलेला रिम आणि फुटलेला टायर त्यात नाही.

इंग्लंडमध्ये राहणारे मराठी लोक काउन्सिलकडून (म्हणजे तिथल्या पालिकेकडून) रिमचे पैसे मिळाल्याचं सांगतात तेव्हा इथल्यांना हेवा वाटतो. तिथे १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम ४१ रस्ता नीट ठेवायची जबाबदारी टाकतं आणि कलम ५८ काउन्सिलला बचाव देतं, पण तो बचाव घ्यायचा तर वेळच्या वेळी तपासणी केल्याच्या नोंदी काउन्सिललाच दाखवाव्या लागतात. काउन्सिलच्या साइटवर फॉर्म असतो, मुदतही मालमत्तेसाठी सहा वर्षं. इथे सहा महिने, आणि नोंदी आपणच खणून काढायच्या. अर्थात तिथेही नोंदी चोख असल्या की दावा नाकारतात.

राहता राहिला इन्शुरन्स, आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोक शेवटी तिथेच जातात. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत झाड पडलेलं कव्हर होतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या कारला १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये आपल्या खिशातून जातात, घसाऱ्याची कपात वेगळी, आणि ५० टक्क्यांपर्यंत साचलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एका फांदीत जातो. कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत गाडी हलवायची नाही असं कंपनी म्हणते आणि रस्ता अडलाय म्हणून ट्रॅफिकवाला लगेच हलवा म्हणतो, अशा वेळी चारही बाजूंनी व्हिडिओ काढून कंपनीच्या हेल्पलाइनला तो पाठवल्याशिवाय गाडीला क्रेनचा हुक लावू देऊ नये. क्लेम मंजूर झाल्यावर पालिकेवर दावा करायचा हक्क तेवढ्या रकमेपुरता कंपनीकडे जातो, मग आपल्याला मागता येते ती फक्त वरची तूट, आणि सात-आठ हजारांच्या तुटीसाठी दिवाणी कोर्टात तारखा घ्यायला कोण जातं.