नळ महापालिकेचा, टाकी आपली
(सोसायटीच्या कमिट्या आणि रहिवाशांसाठी माहितीपत्रक)

पुण्याचं पाणी कुठून येतं हे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. ते आपल्या स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत कसं पोचतं, हे विचारलं की भले भले चेअरमन गच्चीकडे बोट दाखवतात. आम्ही टाक्या धुतो, पाणी तपासून देतो. त्यामुळे हा मधला रस्ता आमच्या रोजच्या पाहण्यातला आहे, आणि तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं. खडकवासल्याचं धरण १८७९ सालचं. तिथून पाणी पर्वती, वडगाव, वारजे अशा जलशुद्धीकरण केंद्रांत जातं. तिथे तुरटीने गाळ खाली बसवतात, पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. शहराच्या पूर्व भागाला भामा आसखेडचं पाणीही मिळतं. पिंपरी-चिंचवडकडच्या आमच्या ग्राहकांचं पाणी पवनेचं. केंद्रातून बाहेर पडतं तेव्हा हे पाणी पिण्याजोगं असतं. पुढे ते रस्त्याखालच्या जुन्या-नव्या पाइपांतून फिरतं आणि सोसायटीच्या मीटरपर्यंत येतं. मीटरच्या अलीकडचं सगळं, म्हणजे जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि तिथून घरोघरी उतरणारे पाइप, सांभाळायची जबाबदारी सोसायटीची.

शुक्रवारचं पाणी

"गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल." पेपरातली ही ओळ पुणेकरांना पाठ आहे. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो. दाब असताना गळक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपत असतं. दाब गेला की त्याच फटीतून शेजारचा चिखल, आणि ड्रेनेजची लाइन जवळ असेल तर तेही, आत ओढलं जातं. म्हणून पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर आलेल्या पहिल्या पाण्याबद्दल सर्वात जास्त सावध राहायला हवं. ते गढूळ दिसलं तर नशीब म्हणायचं, निदान कळतं तरी. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात.

त्यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. टाकीत पाणी सोडणाऱ्या वॉचमनला सांगून ठेवा की बंदनंतरचं पहिलं पाणी आधी बादलीत धरायचं, रंग आणि वास बघायचा, ते नितळ होईपर्यंत बागेला घालायचं आणि मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. काही ठिकाणी महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावून पाणी खेचतात. ते नियमात बसत नाहीच. शिवाय मोटर पाइपात पोकळी तयार करते आणि आजूबाजूची घाण ओढून घेते, ती स्वतःच्याच टाकीत. शेजारच्या सोसायटीचं पाणी पळवलं ते वेगळंच.

जमिनीखालची टाकी

गच्चीवरच्या टाकीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण ती दिसते. आम्हाला जास्त काळजी खालच्या टाकीची वाटते. ती पार्किंगमध्ये असते, झाकणावर कुणाची तरी स्कूटर उभी असते, आणि दोन-चार फुटांवर ड्रेनेजचं चेंबर असतं. झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर पार्किंग धुतलेलं पाणी आणि पावसाचं पाणी सरळ आत जातं. झाकणाभोवती वीतभर उंच कठडा बांधून घ्या. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे.

टाकीला तडा आहे की नाही हे घरच्या घरी बघता येतं. रात्री उशिरा टाकीत येणारं पाणी बंद करा, पंपही बंद ठेवा आणि पाण्याच्या पातळीला भिंतीवर खडूने खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर गळती आहे. हे नुकसान, पण पैशांचं. पावसाळ्यात ही चाचणी केली आणि सकाळी पातळी चढलेली दिसली, तर बाहेरचं पाणी आत येतंय. अशा वेळी टाकी धुऊन घेऊन उपयोग नाही. आधी वॉटरप्रूफिंग करा, मग आम्हाला बोलवा.

वरच्या टाकीची तपासणी त्या मानाने सोपी. झाकण घट्ट बसतं का, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी आहे का, एवढं बघा. या जाळीचा खर्च किरकोळ असतो, पण ती नसल्यामुळे टाकीत पाल, कबुतराची पिसं आणि इतर काय काय सापडतं ते इथे लिहीत नाही. हे पत्रक कुणी जेवताना वाचत असेल.

"पाण्याला औषधाचा वास येतोय"

ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही सांगतो, आनंद माना. तो वास क्लोरीनचा, आणि क्लोरीन शिल्लक आहे म्हणजे वाटेत घुसलेल्या जंतूंशी लढायला पाण्यात काहीतरी उरलंय. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असावं. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. वास नकोच असेल तर पाणी स्वच्छ पातेल्यात, वर फडकं टाकून काही तास ठेवा. वास जातो.

काळजी करायची ती क्लोरीन अजिबात नसेल तेव्हा. टाकीच्या तळाशी गाळ साचला की तो आलेलं क्लोरीन खाऊन टाकतो. मीटरपाशी चांगलं असलेलं पाणी चौथ्या मजल्यावर निष्प्रभ होऊन पोचतं. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गावाकडे ग्रामपंचायतीचा माणूस करतो तीच ओटी टेस्ट सोसायटीतही करता येते. नळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. जितकं गडद पिवळं, तितकं क्लोरीन जास्त. रंगच आला नाही तर क्लोरीन नाही. ओटीचं द्रावण आरोग्याला चांगलं नाही, म्हणून तपासलेलं पाणी ओतून द्या आणि हात धुवा. आम्ही स्वतः गुलाबी रंग येणारं डीपीडी किट वापरतो आणि सोसायटीनेही तेच घ्यावं असं सुचवतो.

तपासताना एकाच ठिकाणचं पाणी घेऊ नका. मीटरपाशी, खालच्या टाकीत, वरच्या टाकीत आणि शेवटच्या फ्लॅटच्या नळाला, असं चार ठिकाणी बघा. रंग कुठे नाहीसा झाला ते दिसलं की बिघाड कुठे आहे तेही कळतं. मीटरपाशीच रंग येत नसेल तर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करा. ते काम आमचं नाही, आणि त्यासाठी टाकी धुऊन घेण्याचे पैसेही आम्हाला देऊ नका.

जंतू आहेत की नाहीत हे पक्कं कळण्यासाठी मात्र प्रयोगशाळाच हवी. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. या तपासणीचा नमुना पाण्याच्या विकत घेतलेल्या रिकाम्या बाटलीत चालत नाही. निर्जंतुक बाटली लागते, तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन आधीच घातलेलं असतं, आणि ती बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवायची असते. आम्ही बाटली आणून देतो. तुम्ही स्वतः परस्पर प्रयोगशाळेत दिलीत तरी आमची काही हरकत नाही. उलट ते बरंच, कारण टाकी धुणाऱ्यानेच टाकी स्वच्छ असल्याचा दाखला द्यावा हे आम्हालाही खटकतं.

फिल्टर विकणारे दारात आले की

त्यांचा एक प्रयोग सगळ्यांनी पाहिलेला असतो. दोन ग्लास. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या आरओचं. दोन्हींत विजेच्या पट्ट्या बुडवतात. नळाचं पाणी मिनिटभरात तपकिरी होतं, वर किळसवाणी साय येते, आणि आरओचं तसंच नितळ राहतं. घरातल्या आजी लगेच चेकबुक शोधायला लागतात.

तो तपकिरी मळ पाण्यातला नसतो. पट्टीतलं लोखंड विजेमुळे विरघळून बाहेर येतं. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे त्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वाहत नाही, इतकाच फरक. पुढच्या वेळी त्यांच्या त्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पट्ट्या परत बुडवायला सांगा. त्याचंही तेच होईल.

टीडीएस मीटरचंही असंच आहे. त्यावरचा आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नाही. मानकात ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला धरला आहे, आणि खडकवासल्याचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं. अशा पाण्याला आरओची गरज नाही, शिवाय एक लिटर पाणी मिळवताना त्याच्या काही पट पाणी मोरीत जातं. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. फक्त महापालिकेचं पाणी पीत असाल तर साधा गाळणीचा आणि यूव्हीचा फिल्टर पुरतो. यूव्हीचा प्रकाश गढूळ पाण्यातून नीट जात नाही, म्हणून आधीची गाळणी वेळेवर बदला. पावसाळ्यात ती लवकर भरते.

बोअर आणि टँकर

इथे मात्र आमचा सूर बदलतो. पुण्याखालच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं. गिझरची कॉइल पांढरी होते, डाळ शिजत नाही, केस चरचरीत होतात. जडपणामुळे कुणी आजारी पडत नाही. खरी भीती ड्रेनेज मुरण्याची आणि त्यातून वाढणाऱ्या नायट्रेटची. मानक ४५ मिलिग्रॅमची मर्यादा घालतं, आणि त्यापुढचं नायट्रेट तान्ह्या बाळांना विशेष घातक असतं. उकळून ते जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण उलट वाढतं. बोअरचंच पाणी प्यावं लागत असेल तर वर्षातून एकदा नायट्रेट तपासा, आणि आरओ घ्यायचा तो इथे.

उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी कमी पडलं की कमिटी गुपचूप बोअरचा व्हॉल्व्ह पिण्याच्या टाकीत उघडते. असं करायचं असेल तर निदान नोटीस लावा. शक्य असेल तर बोअरची टाकी वेगळी ठेवा आणि ते पाणी फ्लशला व बागेला वापरा.

टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतलं हे ड्रायव्हर सांगेल तेवढंच कळतं. ते पिण्याच्या टाकीत घ्यावं लागलंच तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घाला. १०,००० लिटरला साधारण ६० ग्रॅम ताजी पावडर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओता. अर्धा तास पाणी वापरू नका, मग किटने तपासा. पावडर उघडी राहिली की तिची ताकद जाते, म्हणून गेल्या वर्षीचा डबा वापरू नका. आणि टीसीएल कधीही ॲसिडबरोबर किंवा ॲसिड असलेल्या फरशी-संडास धुण्याच्या द्रवाबरोबर मिसळू नका. विषारी वायू निघतो.

जानेवारी २०२५ नंतर

सिंहगड रस्त्यावरच्या ग्राहकांना हे सांगायला नको. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे मज्जातंतूंवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडू शकतात त्या आजाराचे, रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि पाण्याबद्दल संशय आला. महापालिकेने जारचं पाणी विकणारे काही खासगी आरओ प्लँटही बंद केले. तेव्हापासून आम्हाला दोन टोकांचे फोन येतात. काहींना दर महिन्याला टाकी धुवायची असते, तर काहींनी नळाचं पाणी पूर्ण सोडून जार लावलेत.

दोन्हींची गरज नाही. जारमधल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक नसतं, आणि जार आतून कसा धुतलाय हे दिसत नाही. टाकी वर्षातून दोनदा पुरते, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला. साथीच्या दिवसांत, किंवा एकाच विंगमध्ये दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पिण्याचं पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुष्कळ झालं, वीस मिनिटं गॅस जाळू नका. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून तुरटी फिरवली तरी उकळायचं राहतंच.

आमचा माणूस येईल त्या दिवशी

आदल्या रात्री खालची टाकी शक्य तितकी रिकामी करा, म्हणजे चांगलं पाणी उपसून गटारात सोडावं लागणार नाही. गुरुवार धरून तारीख ठरवू नका, धुतल्यावर भरायला पाणी नसेल. वॉचमनला किंवा माळीबुवांना "जरा आत उतरून बघ" असं कधीही सांगू नका. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, प्राणवायू कमी असू शकतो, आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. आमचा माणूस उतरतो तेव्हा आधी झाकण उघडं ठेवून पंख्याने हवा खेळवतो, कमरेला दोर बांधतो आणि वर एक जण उभा राहतो. वर कुणी नसेल तर तो उतरणार नाही, त्याला घाई करू नका.

गाळ उपसणं, भिंती प्रेशरने धुणं, धुतलेलं पाणी पंपाने पूर्ण बाहेर काढणं, मग क्लोरीनचं पाणी भिंतींना लावून अर्धा तास ठेवणं आणि शेवटी परत धुणं, असा क्रम असतो. झाकण लावण्याआधी कमिटीतल्या कुणीतरी टॉर्च घेऊन आत बघावं आणि मगच सही करावी.

टाकी भरल्यावर प्रत्येक घरी फिल्टरला जाणारा नळ बंद ठेवा आणि आधी मोरीतला नळ सोडा. पाइपात हललेला गाळ पाच-दहा मिनिटं येतो. ते पाणी बादल्यांत धरून जिना धुवायला वापरा. नितळ आलं की फिल्टर सुरू करा.