जुना फेरफार अभिलेख कक्षातून कसा काढायचा: अर्ज, कागदपत्रं आणि नकार आला तर

वारस नोंद अडलेली असते, बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचे उतारे मागितलेले असतात, किंवा जात पडताळणीला पणजोबांच्या काळातला पुरावा लागतो. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज जातो: "आमच्या जमिनीची सर्व जुनी कागदपत्रे मिळावीत." अशा अर्जावर कारकून मनात आणलं तरी फार काही करू शकत नाही. रेकॉर्डमधले गठ्ठे माणसांच्या नावाने लावलेले नसतात. गाव, नोंदवहीचा प्रकार आणि नोंदीचा क्रमांक किंवा वर्ष, एवढ्यावरच तिथे कागद सापडतो. म्हणून अर्ज लिहायच्या आधीचं काम महत्त्वाचं आहे, आणि मी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घालवायला सांगेन.

आधी महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा चालू सातबारा काढा. पंधरा रुपये लागतात. त्यावर 'जुने फेरफार क्र.' असा एक रकाना असतो (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) आणि त्यात कंसात आकडे दिलेले असतात. प्रत्येक खातेदाराच्या नावासमोरही एक फेरफार क्रमांक असतो, म्हणजे ते नाव कोणत्या नोंदीने लागलं त्याचा पत्ता. हे सगळे आकडे वहीत उतरवा. हस्तलिखित सातबारा हाती आला तर हेच आकडे वर्तुळात लिहिलेले दिसतील, आणि कमी झालेली नावं कंसात घातलेली असतील. एक फेरफार मिळाला की त्याच्या मजकुरात बहुधा आधीच्या नोंदीचा किंवा दस्ताचा उल्लेख असतो. असं एकेक पायरीने मागे जायचं.

इथे बऱ्याच जणांची गाडी अडते ती गट नंबरपाशी. 1947च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना राबवली गेली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे आजच्या गट नंबरने योजनेआधीचं काहीच सापडत नाही. जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा कोणता होता ते एकत्रीकरणाच्या योजनापत्रकात मिळतं, आणि ते तहसीलमध्ये नाही, तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात असतं. आकारबंद, फाळणी, गुणाकार बुक, टिपण, मोजणीचे नकाशे हे मोजणी-आकारणीचे कागदही तिथलेच. मराठवाड्यात शोध खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे सर्व्हे नंबरवार जुन्या नोंदींपर्यंत, न्यावा लागतो, आणि निजामकाळातले कागद उर्दूत असतात. विदर्भात 1954-55 चा अधिकार अभिलेख, म्हणजे तेव्हाची जमिनीच्या हक्कांची नोंद, बघावा लागतो.

अर्ज कोण करू शकतं? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 327 नुसार नकाशे आणि जमिनीचे अभिलेख लोकांना पाहायला खुले आहेत, आणि फी भरून त्यांची नक्कल मिळते. तुमचं नाव सातबाऱ्यावर असलंच पाहिजे अशी अट तिथे नाही. तरीही तुमचा संबंध काय ते अर्जात लिहावं, काम सोपं होतं. सोबत ओळखपत्राची प्रत, चालू सातबारा किंवा आठ-अ (खातेउतारा), आणि खातेदार मयत असेल तर मृत्यू दाखला जोडा. दुसऱ्यासाठी अर्ज करत असाल तर अधिकारपत्र, वकील असेल तर वकीलपत्र. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो. 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवरही प्रमाणित नकलेचा अर्ज करता येतो, पण क्रमांक नीट माहीत असतील तरच त्या वाटेने जा.

अर्जाचा गाभा असा असावा:

"मौजे अमुक, तालुका अमुक येथील जुना सर्व्हे नंबर 42, हिस्सा नंबर 3 (सध्याचा गट नंबर 118) या मिळकतीसंबंधी फेरफार क्रमांक 611 व 874 यांची, तसेच सन 1961 ते 1980 या काळातील सातबारा उताऱ्यांची प्रमाणित नक्कल मिळावी. नियमाप्रमाणे होणारी शोध व नक्कल फी भरण्यास तयार आहे."

दोन प्रतींत अर्ज द्या, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. हा शिक्का नसेल तर पुढे अपिलात तुमच्या हाती काही राहत नाही. फी भरली की पावती घ्या. पावती न देता कोणी 'शोधायचे' पैसे मागत असेल तर ते फीत धरायचे नाहीत.

काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आले आहेत. अकोला, अमरावती, धुळे, नाशिक, ठाणे, सिंधुदुर्ग आणि मुंबई उपनगर हे त्यातले पहिले. तिथे आधी शोधा. गावाचा फेरफार स्क्रीनवर वाचता आला तर हेलपाटा वाचतो.

जात पडताळणीसाठी शोध वेगळा असतो. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 या तारखांआधीचा पुरावा महत्त्वाचा. त्यासाठी गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, आणि शाळेचं जनरल रजिस्टर बघतात. मोडीतली नोंद मिळाली तर मूळ पानाची प्रमाणित नक्कल आणि जाणकाराकडून केलेलं देवनागरी लिप्यंतर, दोन्ही हवं.

नक्कल हातात पडली की खिडकीवरच तपासा. 'खरी नक्कल', सही, हुद्दा, कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि फेरफाराच्या मागच्या पानावरचा मंजुरीचा शेरा. हा शेरा बऱ्याचदा राहून जातो, आणि नोंद मंजूर झाली की रद्द, हे त्यातूनच कळतं. कोर्टात झेरॉक्स चालवून घेतील या भरवशावर राहू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 75 मध्ये प्रमाणित प्रत म्हणजे काय ते स्पष्ट दिलं आहे.

आता सगळ्यात त्रासदायक उत्तर: "रेकॉर्ड उपलब्ध नाही." एवढ्यावर परत फिरू नका. सरकारी अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, क वर्ग दहा, क-1 पाच आणि ड वर्ग एक वर्षाचा. त्यामुळे विचारायचं ते असं: हा अभिलेख कोणत्या वर्गात होता, आणि नष्ट केला असेल तर नष्ट केल्याच्या यादीची प्रत द्या. हे माहिती अधिकारात मागा. दहा रुपये अर्जाचे, दोन रुपये पानाचे, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. त्याच अर्जात नोंदवहीचं अवलोकन मागता येतं. फेरफार क्रमांक कुठेच लागत नसेल तेव्हा स्वतः नोंदवही चाळण्याला पर्याय नाही.

उत्तराची मुदत तीस दिवस, पुढे तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. फाईल गहाळ आहे हे माहिती नाकारायचं कारण होत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात म्हटलं आहे. ते अपिलात जरूर लिहा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 चाही आधार घ्या. त्यात अभिलेख बेकायदा नष्ट करण्याला शिक्षा आहे.

अपील चालू असताना तोच व्यवहार दुसऱ्या दप्तरात शोधत राहा. खरेदीखत असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), कुळाची जमीन असेल तर शेतजमीन न्यायाधिकरणाची कूळ कायद्याच्या कलम 32-ग ची फाईल आणि 32-म चं खरेदी प्रमाणपत्र, वाटणीचा निकाल असेल तर दिवाणी कोर्टाचं रेकॉर्ड. पेशवाईतल्या इनाम-वतनाचा प्रश्न असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. तिथला अर्ज वेगळा करावा लागतो.