जुन्या फाइलवर नवी फाइल लिहिताना

दूरच्या सर्व्हरवरची फाइल बदलताना नवी प्रत पूर्ण पोहोचल्यावरच जुनी पुसली जाते, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात अनेकदा क्रम उलटा असतो. फाइल लिहिण्यासाठी साध्या पद्धतीने उघडली की ऑपरेटिंग सिस्टिम आधी तिची लांबी शून्यावर आणते आणि नेटवर्कवरून येणारा मजकूर त्यानंतर तीत भरला जातो. ५० मेगाबाइटच्या फाइलचे ३० मेगाबाइट उतरले असताना कनेक्शन तुटले, तर जुनी फाइल गेलेली असते आणि नवी अपुरी असते. शिवाय त्या मधल्या वेळात ती फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला अर्धवट मजकूर मिळतो, आणि तो अर्धवट आहे हे त्याला बहुधा कळतही नाही.

यावरचा रूढ उपाय असा, की नवा मजकूर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने उतरवून घ्यायचा, दोन्ही टोकांना चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणीची खूण) काढून तो जुळतो का ते पाहायचे आणि मगच 'रिनेम' करून ती फाइल मूळ नावावर आणायची. लिनक्ससारख्या सिस्टिममध्ये फोल्डर म्हणजे नावांची यादी असते. नावापुढे आयनोड या फाइलच्या नोंदीचा क्रमांक असतो आणि मजकूर कुठे आहे ते आयनोड सांगतो. रिनेम करताना ही नोंद एका झटक्यात बदलते, त्यामुळे फाइल उघडणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी प्रत मिळते किंवा पूर्ण नवी. ज्याने जुनी फाइल आधीच उघडलेली असते, तो तीच शेवटपर्यंत वाचू शकतो. तात्पुरती फाइल दुसऱ्या फाइलसिस्टिमवर, म्हणजे वेगळ्या डिस्कवर किंवा तिच्या वेगळ्या भागावर, ठेवली, तर मात्र हे जमत नाही. तेथे 'एमव्ही' ही फाइल हलवण्याची आज्ञा निमूटपणे कॉपी करू लागते आणि सारी सुरक्षितता संपते.

१९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आणलेला आरसिंक हा फाइली पाठवणारा प्रोग्राम हेच काम आपणहून करतो, पण 'इनप्लेस' हा पर्याय दिला की मूळ फाइलवरच लिहितो. एसएफटीपी या फाइली सुरक्षितपणे पाठवण्याच्या पद्धतीच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या तिसऱ्या आवृत्तीत, त्या नावाची फाइल आधीच असेल तर साधे रिनेम नाकारले जाते. एसएफटीपी पुरवणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरने त्यासाठी वेगळी सोय दिली आहे. ती न वापरणारे प्रोग्राम जुनी फाइल आधी पुसतात, आणि तेवढा वेळ त्या नावाची फाइलच नसते.

नाव बदलले म्हणजे मजकूर डिस्कवर पोहोचलाच, असेही नाही. तो काही काळ मेमरीतच असू शकतो. २००९ च्या सुमारास ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांना वीज गेल्यानंतर शून्य लांबीच्या फाइली सापडल्या, त्या यामुळेच. म्हणून रिनेमपूर्वी 'एफसिंक' करावे, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून घ्यावा. ते होईपर्यंत वेळ लागतो, पण माझ्या मते महत्त्वाच्या फाइलसाठी तो द्यायलाच हवा.

दोघांनी एकच फाइल उतरवून घेऊन आपापले बदल परत पाठवले, तर नंतरच्याची प्रत आधीच्याचे काम पुसून टाकते, आणि रिनेम कितीही नेटके झाले तरी ते टळत नाही. वेबच्या एचटीटीपी या पद्धतीमध्ये यासाठी ईटॅग असतो: आपण उतरवलेल्या आवृत्तीची खूण 'इफ-मॅच' या अटीसह परत पाठवायची, आणि दरम्यान फाइल बदललेली असेल तर सर्व्हर ४१२ हा क्रमांक देऊन नवे लेखन नाकारतो.