मसलत (ख्रिस्ती जीवनातील)

मसलत : महत्त्वाचा निर्णय घेण्याआधी देवभीरू व जाणत्या माणसांचे मत घेण्याची ख्रिस्ती आचारातील प्रथा. बोलताना ‘सल्ला’ म्हणतात. ‘मसलत’ हा मराठी पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) वाचकांना सरावाचा शब्द. दोन्ही शब्दांचे मूळ अरबी.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात (१:५, ११:१४, २४:६) यासाठी ‘तह्बुलोत’ हा हिब्रू शब्द येतो. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. ‘हेबेल’ म्हणजे दोर व ‘होबेल’ म्हणजे खलाशी यांच्याशी तो जोडला, तर दोर ओढून नाव वळवणे हा मूळ अर्थ ठरतो. काही अभ्यासक त्यात केवळ बांधणी, म्हणजे बेत किंवा डावपेच पाहतात. ईयोब ३७:१२ मध्ये ढग फिरवण्याच्या संदर्भात हाच शब्द आहे, त्यामुळे पहिले मत अधिक पटते. नीतिसूत्रांच्या ग्रीक भाषांतरातही (बहुधा इ. स. पू. दुसरे शतक) त्यासाठी ‘कुबेर्नेसिस’, म्हणजे सुकाणू धरणे, हा शब्द आहे. प्रेषित पौलाने १ करिंथ १२:२८ मध्ये मंडळीच्या (चर्चच्या) कारभारासाठी तोच वापरला. नीतिसूत्रांच्या मूळ संग्रहाचा काळ सांगणे अवघड. २५:१ मधील यहूदाच्या हिज्कीया राजाच्या माणसांच्या उल्लेखावरून काही भागाचे संकलन इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस झाले असावे.

यशया ९:६ मध्ये जन्मलेल्या बालकाला दिलेली ‘पेले योएत्स’ ही एक पदवी की दोन, हाही जुना वाद आहे. पुढच्या तिन्ही पदव्या जोडशब्दांच्या असल्याने ‘अद्भुत मंत्री’ ही एकच धरणे सयुक्तिक. येथे ‘मंत्री’ म्हणजे मसलत देणारा. आज कोल्हापुरात ‘मंत्री’ म्हटले की सरकारी गाडी आठवते. जुना अर्थ मात्र या संस्थानाला परका नव्हता: करवीरकर संभाजीराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात (सामान्यतः १७१५-१६) मसलत देणाऱ्या प्रधानांचा विचार आहेच.

पवित्र शास्त्रातील उदाहरणे परिचित आहेत. सासरा इथ्रो याने मोशेला न्यायनिवाड्याचे ओझे वाटून देण्यास सांगितले (निर्गम १८). शलमोनाचा मुलगा रहबाम राजा याने वडीलधाऱ्यांना विचारले, पण बरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकले आणि राज्य दुभंगले (१ राजे १२). म्हणजे विचारणे पुरेसे नाही. कोणाचे ऐकायचे हेही ठरवावे लागते. सिराख ३७ मध्ये कोणत्या बाबतीत कोणाला विचारू नये याची यादीच आहे. मालाच्या भावाबद्दल व्यापाऱ्याला विचारू नये, हे त्यातले एक. हे पुस्तक कॅथलिक शास्त्रात आहे, प्रॉटेस्टंट शास्त्रात नाही. संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीत (सहावे शतक) तिसरे प्रकरण मसलतीवर आहे. त्यात देव पुष्कळदा धाकट्याला अधिक चांगले सुचवतो, म्हणून सर्वांना बोलवावे, असे सांगितले आहे.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल गुल्ड वायल्डर १८५२ मध्ये आले. १८७० च्या सुमारास हे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वडील. एकट्या पाळकाऐवजी (धर्मगुरूऐवजी) निवडलेल्या वडिलांनी मिळून मंडळी चालवण्याची रीत त्या परंपरेतली. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर त्यातील मंडळ्यांत बिशपपद आले, तरी पाळकासोबत पास्टरेट कमिटी, म्हणजे मंडळीची कारभार समिती, राहिली.

घरगुती मसलत याहून साधी असते. उपासना सुटल्यावर चपला घालता घालता एखादा बाप म्हणतो, ‘पाळकसाहेब, पोरगं पुण्याची नोकरी सोडतो म्हणतंय, तुम्हीच जरा समजवा.’ पाळक संध्याकाळी घरी येतात, आधी मुलाचे ऐकून घेतात. चहा होतो, प्रार्थना होते. निर्णय त्या दिवशी होतोच असे नाही. सोयरिकीच्या वेळीही असेच चालते. लग्नाआधी मंडळीत तीन रविवारी होणाऱ्या घोषणेमागे कोणाची हरकत असल्यास ती वेळीच कळावी हा हेतू असतो.