डावा मेंदू, उजवा मेंदू आणि शब्दांचा अर्थ

शब्दांचा, म्हणींचा, वाक्प्रचारांचा अर्थ लावायला मेंदूचे दोन्ही गोलार्ध लागतात, फक्त दोघांची कामाची रीत वेगळी. डावा मेंदू हिशोबाचा आणि उजवा कवितेचा, असं जे व्हॉट्सॲपवर फिरत असतं ते खरं नाही, आणि ते एकदा डोक्यात बसलं की घरात कोणाला पक्षाघात झाल्यावर समजून घेताना फार गोंधळ होतो.

डाव्या बाजूचं महत्त्व आधी कळलं. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये पॅरिसला एका पेशंटचा मेंदू तपासला, त्या माणसाला समजायचं बरंच पण तोंडातून 'टॅन' एवढंच यायचं, आणि इजा डाव्या बाजूला पुढे होती. 1874 मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी भाषा समजण्याशी जोडलेला भाग डावीकडेच दाखवला. उजव्या हाताने काम करणाऱ्या जवळपास 95 टक्के लोकांची भाषा मुख्यतः डावीकडेच असते, म्हणून उजव्या बाजूला भाषेतलं काही काम नाही असं बरीच वर्षं धरून चालले.

आता 'भरती' हा शब्द घ्या. वेंगुर्ल्याच्या बंदरावर कोणी विचारलं भरती कधी, तर ती समुद्राची, आणि ओरोसला पोलिसात जायची तयारी करणाऱ्या पोराने विचारलं तर नोकरीची. असे दोन अर्थांचे शब्द एकेका गोलार्धाला दाखवून बघता येतात, कारण नजर मध्यावर ठेवली की डावीकडे चमकलेला शब्द आधी उजव्या मेंदूत जातो आणि उजवीकडचा डाव्यात. बर्जेस आणि सिम्पसन या संशोधकांनी 1988 मध्ये इंग्रजी शब्दांवर हे केलं. डाव्या गोलार्धात दोन्ही अर्थ लगेच जागे होतात पण पाऊण सेकंदात जास्त वापरातला तेवढा उरतो, उजव्यात मात्र कमी वापरातला अर्थ उशिरा येतो आणि टिकून राहतो. पुढे वाक्य वळलं तर तोच उपयोगी पडतो. मेंदूचे अभ्यासक मार्क बीमन यांचं म्हणणं असं की डावा मेंदू जवळचे थोडे अर्थ घट्ट पकडतो आणि उजवा लांबलांबचे अर्थ हलके धरून ठेवतो, म्हणजे गळ आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) यातला फरक म्हणा. पाय, काच, रडणं हे तिन्ही शब्द सुटे बघितले तर कशाशी घट्ट जोडलेले नाहीत, पण एकत्र आले की 'कापलं' सुचतं, त्यात उजव्याला जास्त फायदा होतो.

मग वाक्प्रचार? इथे खरा प्रश्न अलंकार आहे की नाही हा नसून तो किती ओळखीचा आहे हा आहे, निदान मला तरी भाषाशास्त्रज्ञ राशेल गिओरा यांची ही मांडणी सगळ्यात पटते. 'आनंदाला उधाण आलं' हे इतकं रुळलंय की ऐकताना पावसाळ्यातल्या लाटा कोणाला दिसत नाहीत, ते डावीकडे एका शब्दासारखं उलगडतं. पण 'आजीचं घर म्हणजे ओहोटीला उघडी पडलेली वाळू' असं कोणी नव्याने म्हटलं तर लांबचे अर्थ जोडावे लागतात, आणि नीरा मशाल व मिरियम फाउस्ट या संशोधकांच्या प्रयोगांत अशा नव्या रूपकांना उजव्या बाजूचा सहभाग जास्त दिसला. 1994 च्या बोत्तिनी यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्येही उजवा दिसला होता, तर 2004 मध्ये राप यांना नव्या रूपकांनाही डावाच जास्त चालताना दिसला, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 1977 चा विनर आणि गार्डनर या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग. 'जड अंतःकरण' अशा अर्थाचं वाक्य ऐकवून चित्र निवडायला सांगितलं. उजव्या मेंदूला इजा झालेले पेशंट तोंडाने अर्थ बरोबर सांगायचे, पण कित्येकदा बोट ठेवायचे ते भलंमोठं हृदय उचलून धडपडणाऱ्या माणसावर. डावीकडे इजा झालेल्यांना अर्थ नीट सांगता येत नव्हता, पण ते त्या चित्राला हसायचे आणि रडणारा माणूस निवडायचे.

आपल्याकडे डाव्या हातापायातली ताकद गेली पण बोलणं शाबूत आहे म्हटलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण शरीराची डावी बाजू उजवा मेंदू चालवतो, म्हणजे इजा उजवीकडे असते, आणि त्यामुळे आवाजातला भाव ओळखणं, टोमणा, मस्करी हे जाऊ शकतं. मालवणीत 'मेल्या, खंय होतंस इतके दिस?' यात सगळी माया सुरात असते. तो सूर पोचला नाही तर उरते ती शिवी, आणि माणूस रागावून बसतो, मग घरच्यांना वाटतं याचा स्वभाव बदलला. अशा वेळी स्पीच थेरपिस्टला बोलण्यासोबत हेही तपासायला सांगावं, आणि घरात काही दिवस सरळ शब्दांत बोलावं, 'तुझी आठवण येत होती' असं.